कवटीतील रक्तस्राव

कवटीच्या आतील रक्तवाहिनी फुटून मेंदूत किंवा त्याच्या आवरणांलगत रक्त साचणे म्हणजे कवटीतील रक्तस्राव होय. प्रौढ माणसाच्या कवटीत सु. १,४०० ते १,५०० घ. सेंमी. जागा असते. ती मेंदू, मस्तिष्क-मेरुद्रव व वाहिन्यांतील रक्त यांनी पूर्णपणे व्यापलेली असते. कवटी ताणली जात नाही. त्यामुळे रक्त साचू लागताच प्रथम द्रव व नीलांतील रक्त बाहेर सारले जाते. ही सोय संपली की, थोड्याशा जादा रक्तानेही दाब झपाट्याने वाढतो. अलेक्झांडर मन्‍रो (१७८३) व जॉर्ज केली (१८२४) या स्कॉटिश वैद्यांच्या विवेचनावर हे तत्त्व आधारलेले आहे. दाबामुळे मेंदूचा भाग खाली सरकून मस्तिष्कस्तंभावर रेटला गेल्यास बाहुली विस्फारते, शुद्ध हरपते व शेवटी श्वसन बंद पडते.

प्रकार व कारणे : रक्त कोठे साचते त्यावरून चार प्रमुख प्रकार मानतात. (१) दृढतानिकेबाहेरील : कानशिलाचे हाड मोडून त्यालगतची रोहिणी तुटल्याने बहुधा होतो. काही रुग्ण आघातानंतर शुद्धीवर येतात, नीट बोलतात आणि काही तासांनी पुन्हा बेशुद्ध होतात. मधला हा सुस्थितीचा काळ फसवा असतो. (२) दृढतानिकेखालील : मेंदूच्या पृष्ठभागावरून निघणाऱ्या नाजूक नीला तुटल्याने होतो. वृद्धांत व मद्यासक्तांत किरकोळ मारानंतरही रक्त हळूहळू साचते. काही आठवड्यांनी दिसणारा विसराळूपणा, गोंधळ वा डळमळीत चाल म्हातारपणाची समजली जाण्याचा संभव असतो. (३) जालतानिकेखालील : आघात वगळल्यास रोहिणीवरील फुगा फुटणे हे याचे मुख्य कारण असते. क्षणार्धात उद्‌भवणारी अतितीव्र डोकेदुखी, वांत्या व मान ताठरणे ही त्याची लक्षणे होत. (४) मेंदूच्या ऊतकातील : दीर्घकालीन अतिरक्तदाबाने सूक्ष्म रोहिण्या दुर्बल होऊन फुटतात. एका बाजूचा अंगघात, वाचादोष व बेशुद्धी ही लक्षणे आढळतात.

याखेरीज रक्तवाहिन्यांतील जन्मजात दोष, अर्बुदे, रक्तक्लथनाचे विकार, क्लथनरोधक औषधे आणि नवजात अर्भकातील के जीवनसत्त्वाची न्यूनता हीही कारणे असतात.

निदान : रक्तस्राव व वाहिनीत गुठळी अडकणे या दोहोंनी येणारा पक्षाघात केवळ लक्षणांवरून खात्रीने वेगळा ओळखता येत नाही. उपचार मात्र परस्परविरोधी आहेत. गुठळी विरघळविणारे औषध रक्तस्रावात प्राणघातक ठरू शकते. म्हणून तपासणीपूर्वी रुग्णास ॲस्पिरीन देऊ नये. सीटी स्कॅनमध्ये ताजे रक्त पांढरे दिसते. या यंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी १९७१ मध्ये लंडन येथे झाली. तत्पूर्वी कवटी न उघडता रक्ताचे स्थान प्रत्यक्ष पाहता येत नसे.

उपचार : श्वसनमार्ग मोकळा ठेवणे, रक्तदाब नियंत्रित करणे, क्लथनरोधक औषधाचा परिणाम उलटविणे आणि आवश्यकतेनुसार मॅनिटॉलने दाब उतरविणे हे प्राथमिक उपाय होत. दृढतानिकेबाहेरील मोठा साठा तातडीने काढल्यास, मेंदूला अन्य इजा नसेल तर, रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो. दृढतानिकेखालील जुना साठा कवटीस छिद्रे पाडून काढतात. लहान साठ्यावर पुनःपुन्हा चित्रण करून लक्ष ठेवतात. फुटलेला फुगा पहिल्या काही दिवसांत, विशेषतः पहिल्या २४ तासांत, पुन्हा फुटण्याचा धोका असतो. त्याच्या मुळाशी चिमटा बसविण्याची शस्त्रक्रिया वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये केली. आता अनेक रुग्णांत रोहिणीतून नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमची वेटोळी भरतात. खोलवरच्या ऊतकातील रक्तस्रावात शस्त्रक्रियेचा उपयोग मर्यादित असतो. अनुमस्तिष्कातील मोठ्या साठ्यात मात्र ती जीवरक्षक ठरते.

प्रतिबंध : रक्तदाबाची औषधे बरे वाटल्यावरही चालू ठेवणे, तंबाखू व अतिमद्यपान टाळणे आणि दुचाकीवर शिरस्त्राण वापरणे हे मुख्य उपाय आहेत. डोक्यास मार लागलेल्या व्यक्तीस डोकेदुखी वाढणे, वांत्या होणे किंवा गुंगी येणे यांपैकी काहीही जाणवल्यास, ती प्रथम बरी दिसली असली तरी, तिला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.