मूर्तिकाराचे मोल

गणेशचतुर्थी समीप आली की मूर्तीचे मोल पाडण्यात भाविकांचीही वाणी रंगते. कलावंताने द्रव्याची गोष्ट काढू नये, असा आपला समज. परंतु आचार्य मम्मटांनी काव्याच्या प्रयोजनांत यशापाठोपाठ अर्थप्राप्तीच सांगितली आहे, याचे आम्ही रसिकांस स्मरण देतो.

शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर १८९१ साली अलिबागनजीक सासवणे येथे जन्मले. घरी गणेशमूर्ती घडविण्याची परंपरा. गावच्या देवळातील त्यांनी रेखाटलेले शिवछत्रपतींचे चित्र पाहून कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी त्यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट दाखविली. पुण्याचा अश्वारूढ शिवपुतळा (१९२८) त्यांचाच. थोरांचे पुतळे हे मागणीचे काम, त्यावर प्रपंच चाले. कोळिणीसारखी शिल्पे मात्र अंतरीच्या ओढीची. सासवण्याच्या त्यांच्या घरातील संग्रहालयात दोन्ही शेजारी नांदतात.

प्रदर्शनात कीर्ती लाभते, पण माती, प्लास्टर, कांसे रोकड मागतात. मागणीचे काम नसते, तर मनीचे शिल्प मनीच राहते. आम्हां कीर्तनकारांसही बिदागी लागते. तिने हरिकथेस उणेपणा येत नाही.

म्हणून यंदा मूर्तिकाराशी घासाघीस न करता त्याचे मोल पुरते द्यावे. श्रीगणेशाची पहिली पूजा तीच होय.