चोवीस तासांचा ईसीजी: माणसाचा आणि मुक्या जनावराचा

दवाखान्यात पलंगावर झोपवून काढलेला ईसीजी साधारण दहा सेकंदांचा असतो. तेवढ्यात हृदयाचे दहा-पंधरा ठोके कागदावर उतरतात. दिवसभरात हृदय मात्र सुमारे एक लाख ठोके देते. ठोक्यांची लय अधूनमधून, मिनिटभरच बिघडत असेल, तर ती नेमकी त्या दहा सेकंदांत सापडणे हा निव्वळ योगायोग. रात्री जिना चढताना छातीत धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. सकाळी डॉक्टरांसमोर आलेख स्वच्छ निघतो. त्यामुळे यंत्रानेच रुग्णासोबत घरी, कामावर आणि झोपेतही राहावे लागते.

सुरुवातीची यंत्रे जागची हलण्यासारखी नव्हती. ऑगस्टस वॉलर यांनी 1887 मध्ये लंडनमध्ये माणसाच्या हृदयाचा पहिला विद्युत आलेख नोंदवला. पुढे प्रात्यक्षिकांत ते आपल्या ‘जिमी’ नावाच्या बुलडॉगला मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय ठेवून उभे करत. 1909 मध्ये रॉयल सोसायटीत असे प्रात्यक्षिक झाल्यावर कुत्र्याचा छळ होतो की काय, असा प्रश्न थेट ब्रिटिश संसदेत विचारला गेला. जिमीचे पाय फक्त ओले होत होते. नेदरलँड्समधील लायडेनचे विलेम आइंटहोव्हेन यांचे यंत्र कितीतरी अचूक होते. त्याबद्दल त्यांना 1924 मध्ये नोबेल मिळाले. पण त्याचे वजन सुमारे 270 किलो होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत.

हे ओझे रुग्णाच्या अंगावर आणण्याचे श्रेय अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या हेलेना गावचे नॉर्मन होल्टर यांचे. 1940 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बनवलेले पहिले यंत्र पाठीवर बांधायचे होते, वजन सुमारे 38 किलो! ट्रान्झिस्टर आल्यावर ते आक्रसत गेले. 1961 मध्ये होल्टर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात ही पद्धत मांडली. आज ‘होल्टर लावला’ असे म्हणताना ते एका माणसाचे आडनाव आहे, हे क्वचितच कुणाच्या लक्षात असते.

आताचा होल्टर मुठीत मावतो. छातीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडच्या तारा त्याला जोडतात आणि एक-दोन दिवस नोंद चालते. सोबत रुग्णाने टिपणवही ठेवायची: किती वाजता धडधडले, तेव्हा काय चालले होते. ही वही यंत्राइतकीच मोलाची आहे, कारण तक्रार आणि आलेख यांची वेळ जुळली तरच निदान पक्के होते. त्रास महिन्यातून एकदाच होत असेल, तर चौदा दिवसांपर्यंत राहणारी चिकटपट्टी किंवा त्वचेखाली बसवायचा, काही वर्षे चालणारा छोटा रेकॉर्डर वापरतात. अ‍ॅट्रियल फिब्रिलेशनसाठी ही चिकाटी फार उपयोगी ठरते. या विकारात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, तिथे गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. रुग्णाला पुष्कळदा काहीच जाणवत नाही.

2018 पासून काही मनगटी घड्याळेही ईसीजी काढू लागली. घड्याळावर दुसऱ्या हाताचे बोट टेकवले की तीस सेकंदांची एकाच दिशेची नोंद होते. लय तपासायला ती कामाची आहे. हृदयविकाराचा झटका मात्र तिच्यावरून ओळखता येत नाही. छातीत दुखत असेल तर घड्याळ पाहत बसू नये, रुग्णालय गाठावे.

कुत्र्याला धडधडते हे सांगता येत नाही, टिपणवही त्याच्या माणसांनी लिहायची. म्हणून पशुवैद्यकात होल्टरचे महत्त्व उलट जास्त. डॉबरमन जातीत हृदयाचा स्नायू दुबळा करणारा आनुवंशिक विकार बराच आढळतो आणि वरून धडधाकट दिसणारा कुत्रा अचानक दगावू शकतो. चोवीस तासांत खालच्या कप्प्यांतून निघालेले अवेळी ठोके तीनशेहून अधिक भरले, तर डॉबरमनमध्ये हा विकार धरून चालतात. त्यासाठी छातीवरचे केस भादरून इलेक्ट्रोड लावतात, वर जाकीट चढवतात आणि कुत्र्याला घरी पाठवतात. घरी तो नेहमीसारखा हुंदडतो, झोपतो, आणि तीच नोंद खरी.

वाचणारा मात्र जाणता हवा. निरोगी कुत्र्याची लय श्वासागणिक कमी-जास्त होते. माणसांसाठी बनवलेले सॉफ्टवेअर तिला फिब्रिलेशन समजू शकते. विश्रांती घेणाऱ्या घोड्याचा तर एखादा ठोका मधूनच गळतो आणि धावू लागताच लय सरळ होते. त्यामुळे शर्यतीच्या घोड्याचा दम कमी पडू लागला, तर त्याची नोंद पळत असतानाच घेतात.