एक्सपीला चालेल असा मदरबोर्ड

लाकडावर नक्षी कोरणारा सीएनसी राउटर वीस वर्षं जुना असला, तरी त्याचा लोखंडी सांगाडा, मोटारी आणि स्क्रू सहसा ठणठणीत असतात. बंद पडतो तो त्याला हुकूम देणारा कॉम्प्युटर. मग मालक बाजारातून नवा मदरबोर्ड आणतो, कपाटातली विंडोज एक्सपीची सीडी काढतो आणि इन्स्टॉल करायला बसतो. काही मिनिटांत ब्लू स्क्रीन येतो, त्यावर ०x००००००७बी असा आकडा. सीडी खराब असेल म्हणून दुसरी आणली जाते, रॅम बदलून पाहिली जाते, हार्ड डिस्क बदलली जाते. पण यातलं काहीच बिघडलेलं नसतं. एक्सपीला त्या बोर्डावरची डिस्क दिसतच नसते, आणि हा आकडा तेवढंच सांगत असतो.

एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची साथ सोडली. यंत्रांचं आयुष्य मात्र कंपन्यांच्या तारखांवर चालत नाही. लहान कारखान्यांत वापरलं जाणारं ‘माक३’ हे सीएनसीचं सॉफ्टवेअर पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टमधून मोटारींना थेट स्पंदनं पाठवतं. नेहमीच्या सेटिंगला सेकंदाला २५,००० वेळा ते पोर्टकडे लक्ष देतं. त्याचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटी विंडोजवर चालतो. म्हणजे ६४ बिटी विंडोज असलेला नवा कॉम्प्युटर कितीही वेगवान असला, तरी या कामाला तो निरुपयोगीच.

महाराष्ट्रातल्या छापखान्यांची अडचण थोडी वेगळी आहे. ‘श्रीलिपी’ किंवा ‘आकृती’च्या जुन्या आवृत्तीत टाइप केलेला आणि पेजमेकरमध्ये लावलेला मजकूर अनेकांकडे वर्षानुवर्षं साठलेला आहे. त्यात दिवाळी अंक आहेत, गावांचे इतिहास आहेत, संस्थांचे अहवाल आहेत, लग्नपत्रिकांचे शेकडो नमुनेही आहेत. त्यातले फाँट युनिकोडचे नाहीत. सॉफ्टवेअर सुरू व्हायला पोर्टमध्ये ‘लॉक’ लागतं, आणि जुनी लॉकं पॅरलल पोर्टची आहेत. बोर्ड गेला की लॉक लावायला जागा उरत नाही, आणि मजकूर डिस्कवर शाबूत असूनही उघडता येत नाही. म्हणूनच जुन्या विंडोजसाठी योग्य बोर्ड शोधणं हा फावल्या वेळातला छंद म्हणून सोडून देता येत नाही. कुणाचा धंदा त्यावर चाललेला असतो, तर कुणाचं आयुष्यभराचं काम त्यावर टिकून असतं.

बोर्ड निवडताना बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरुवात करतात. जाणकार मिस्त्री आधी कॅबिनेटची मागची बाजू पाहतो. तिथे कोणती केबल लागते, आत कोणतं कार्ड बसतं, लॉक कशाचं आहे, हे ठरलं की अर्धी निवड झालेली असते. एक्सपीला ताकदीचा प्रोसेसर लागत नाही. ३२ बिटी एक्सपीला ४ जीबी रॅम दिली तरी प्रत्यक्षात साधारण सव्वातीन ते साडेतीन जीबीच वापरात येते. त्यामुळे जास्त रॅमसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. पोर्ट आणि स्लॉट मात्र नेमके हवेत.

पॅरलल पोर्टचीच गोष्ट घ्या. बोर्डावरचा मूळ पोर्ट बहुधा ३७८ या पत्त्यावर असतो. पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं पॅरलल पोर्टचं कार्ड स्वस्तात मिळतं, पण त्याला विंडोज भलताच पत्ता देते. ‘माक३’मध्ये तो पत्ता हाताने भरता येतो, म्हणून तिथे निभावतं. जुनी लॉकं आणि डॉसच्या काळातले प्रोग्राम मात्र ठरलेल्या दोन-तीन पत्त्यांवरच चौकशी करतात आणि तिथे कुणी नाही म्हटल्यावर थांबतात. यूएसबीतून पॅरलल करणारी केबल तर फक्त प्रिंटरसाठी असते. तिच्यावर ना लॉक चालतं, ना मोटार. काही बोर्डांवर मागे पोर्ट दिसत नाही, पण बोर्डाच्या कडेला ‘एलपीटी’ लिहिलेल्या पिनांच्या दोन रांगा असतात. तिथे पट्टी-केबल लावली की खरा, मूळ पत्त्यावरचा पोर्ट मिळतो. बोर्ड नाकारण्याआधी ती अक्षरं शोधावीत.

स्लॉटचा प्रश्न याहून अवघड आहे. जुन्या कार्डांसाठीचा लांब, काळा आयएसए स्लॉट हवा असेल, तर साधारण १९९९च्या आसपासच्या बोर्डांपर्यंत मागे जावं लागतं. इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून काढलेल्या ‘पीसी ९९’ या मार्गदर्शिकेत आयएसए स्लॉटला जागा नव्हती, आणि इंटेलच्या ८१० चिपसेटपासून तो मूळ रचनेतूनच गेला. पुण्याच्या सी-डॅकचं ‘जिस्ट’ कार्ड, ज्याने डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणली, ते अशाच स्लॉटमध्ये बसत असे.

त्या जमान्यातला एक चिपसेट वेगळा उल्लेख मागतो. एप्रिल १९९८ मध्ये इंटेलने पेंटियम २ साठी ४४०बीएक्स आणला. त्याची बस १०० मेगाहर्ट्‌झची, ग्राफिक्ससाठी एजीपी, आणि सोबतच्या पीआयआयएक्स४ई चिपमुळे आयएसएही कायम. आसुसचा पी२बी, पी३बी-एफ आणि अबिटचा बीएच६ हे याच चिपसेटवरचे बोर्ड. ३०० मेगाहर्ट्‌झचा सेलेरॉन ३००ए बीएच६वर ४५० मेगाहर्ट्‌झला पळवणं ही त्या काळातल्या हौशी मंडळींची आवडती करामत होती. इंटेलला पुढे रॅमबसची महागडी मेमरी चालवायची होती. त्यासाठी १९९९च्या अखेरीस ८२० चिपसेट आला. साधी मेमरी चालावी म्हणून त्यावर बसवलेली दुभाषी चिप सदोष निघाली आणि मे २००० मध्ये इंटेलला असे बोर्ड परत मागवावे लागले. लोक बीएक्सवरच राहिले. विंडोज ९८साठी आजही याहून भरवशाचा पाया सांगता येणार नाही.

बीएक्सचं आयुष्य तिथेही संपलं नाही. व्हीएमवेअरमध्ये आभासी कॉम्प्युटर तयार केला, की आतल्या विंडोजला जो मदरबोर्ड दिसतो तो ४४०बीएक्सचा असतो. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही मधलं पहिल्या पिढीचं यंत्रही तोच चिपसेट वठवतं. क्यूईएमयू हा तसाच आभासी कॉम्प्युटरचा प्रोग्राम त्याहून मागे, १९९६च्या ४४०एफएक्सपर्यंत जातो. कारण सरळ आहे: हा चिपसेट ओळखणारे ड्रायव्हर जुन्या विंडोजच्या सीडीवरच असतात. ज्याचं काम फक्त पडद्यावर होतं, ज्याला जुना हिशेब उघडून पाहायचा आहे किंवा ज्याचं लॉक यूएसबीचं आहे, त्याने बोर्डाच्या शोधात पडूच नये. नव्या कॉम्प्युटरवर आभासी एक्सपी चालवावी. मोटारीला वेळेवर स्पंदनं द्यायची असतील, तर मात्र हा मार्ग बंद आहे. तिथे खरा बोर्डच लागतो.

मग एक्सपीसाठी तो कोणता? उत्तर एका ओळीत देता येतं: ज्याच्यासाठी उत्पादकाने एक्सपीचे ड्रायव्हर स्वतः लिहिले, असा सर्वांत अलीकडचा बोर्ड. फार जुना घेतला तर तो लवकर मरतो, फार नवा घेतला तर त्याला एक्सपी ओळखत नाही. इंटेलच्या बाजूने ही सीमा सातव्या मालिकेच्या चिपसेटवर, म्हणजे २०१२च्या आयव्ही ब्रिज प्रोसेसरच्या पिढीवर येते. त्यांच्या अंगच्या ग्राफिक्सला एक्सपीचा ड्रायव्हर मिळतो. २०१३च्या हॅसवेलपासून तो मिळत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावायचं असेल, तर एनव्हिडियाने जीटीएक्स ९६०पर्यंत एक्सपीला साथ दिली.

सीमेच्या अलीकडेही सगळे बोर्ड सारखे नाहीत. सर्वांत निर्धोक जी४१. हा २००८चा चिपसेट, कोअर २ ड्युओसारखे प्रोसेसर घेणारा. त्याच्या जोडीला आयसीएच७ ही चिप असते. ती डिस्क जुन्या आयडीई पद्धतीनेच दाखवते, त्यामुळे सुरुवातीला सांगितलेला ब्लू स्क्रीन येतच नाही. पीसीआय स्लॉटही मूळचे असतात. भारतात हे बोर्ड वेगवेगळ्या नावांखाली अनेक वर्षं विकले गेले, म्हणून मिळायलाही सोपे. जास्त ताकद हवी असेल तर २०११चा एच६१ चालतो. पण त्याच्यावर पीसीआय स्लॉट दिसला तरी तो चिपसेटचा नसतो, मध्ये पुलासारखी दुसरी चिप बसवलेली असते. मोजमापाची, कॅमेऱ्याची किंवा मोटारीची जुनी कार्डं अशा पुलावर कधी चालतात, कधी अडखळतात. असं कार्ड हाताशी असेल तर बी७५, क्यू७५ किंवा क्यू७७ शोधावा. सातव्या मालिकेत खरा पीसीआय या तिघांनीच जपला. बोर्डाच्या जाहिरातीत हा फरक लिहिलेला नसतो, आणि नेमका याच फरकावर कारखाना चालू राहतो की थांबतो हे ठरतं.

आता त्या ब्लू स्क्रीनकडे. २००५नंतरचे बोर्ड सॅटा डिस्क ‘एएचसीआय’ पद्धतीने चालवू लागले. एक्सपीच्या सीडीवर त्याचा ड्रायव्हर नाही. बायोसमध्ये जाऊन सॅटा मोड ‘आयडीई’ केला की बहुतेक वेळा काम भागतं. दुसरा मार्ग इन्स्टॉलच्या सुरुवातीला एफ६ दाबून ड्रायव्हर देण्याचा, पण एक्सपी तो फक्त फ्लॉपीवरूनच मागते. तिसरा, एनलाइट नावाच्या प्रोग्रामने ड्रायव्हर आधीच सीडीत मिसळून नवी सीडी तयार करण्याचा. तो एकदा नीट केला की पुन्हापुन्हा उपयोगी पडतो. एसएसडी लावणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: एक्सपी पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू करते, आणि ती जागा ४ केबी सेक्टरच्या नव्या डिस्कला जुळत नाही, लिहिण्याचा वेग घसरतो. पार्टिशन विंडोज ७च्या डीव्हीडीवरून पाडून घेऊन त्यावर एक्सपी टाकावी.

जुनी डिस्क तशीच्या तशी नव्या बोर्डाला लावून पाहण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. चिपसेट बदलला की एक्सपी बहुधा त्याच ७बी आकड्यावर अडते. त्याच मॉडेलचा बोर्ड मिळाला, तर मात्र काहीही न करता चालू होते. जुन्या मॉडेलची किंमत चढी असते त्यामागे हे कारण आहे.

खरेदी बहुधा सेकंडहँडच. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत असे बोर्ड हाताळून घेता येतात, आणि हाताळूनच घ्यावेत. प्रोसेसरच्या खाचेभोवती उभे असलेले छोटे दंडगोल, म्हणजे कपॅसिटर, प्रकाशात तिरपे धरून पाहावेत. त्यांच्या ॲल्युमिनियमच्या टोपीवर फुलीसारख्या रेघा कोरलेल्या असतात, आतला दाब वाढला तर टोपी तिथून फाटावी म्हणून. टोपी सपाट असेल तर ठीक. किंचित जरी फुगलेली असेल, रेघांमधून तपकिरी पापुद्रा आला असेल किंवा बुडाशी डाग असेल, तर बोर्ड ठेवून द्यावा. २००० ते २००७ या काळात सदोष कपॅसिटरांनी जगभर बोर्ड मारले. ऑप्टिप्लेक्स जीएक्स२७० आणि जीएक्स२८० या कॉम्प्युटरांच्या दुरुस्तीपायी डेलला २००५ साली ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली होती. त्यानंतरच्या बोर्डांवर घन पॉलिमरचे कपॅसिटर येऊ लागले. ते बुटके असतात आणि डोक्यावर फुली नसते. जी४१पासून पुढचे बोर्ड सुचवण्याचं हेही एक कारण आहे.

बोर्ड सुटा घेण्यापेक्षा कंपन्यांनी काढून टाकलेला अख्खा ऑफिस कॉम्प्युटर पुष्कळदा अधिक भरवशाचा ठरतो. डेलचा ऑप्टिप्लेक्स ७८० किंवा एचपीचा डीसी७९०० एक्सपीच्या काळातल्या कार्यालयांसाठीच बनवलेला आहे. आयएसए कार्ड असलेल्यांना याचा उपयोग नाही. त्यांनी तैवानच्या ॲडव्हान्टेकसारख्या औद्योगिक बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाहावं. तिथे पुष्कळ नंतरच्या प्रोसेसरसोबतही आयएसए स्लॉट मिळाला आहे. किंमत अनेक पटींनी जास्त असते, पण लाखोंचं यंत्र वाचणार असेल तर ती द्यावी.

हेच सगळं आता विंडोज ७च्या वाट्याला येत आहे. तिची साथ १४ जानेवारी २०२० रोजी संपली. २०१५च्या स्कायलेक पिढीपासून इंटेलच्या चिपसेटमधला यूएसबीचा जुना नियंत्रक गेला, त्यामुळे विंडोज ७च्या इन्स्टॉलमध्ये यूएसबी कीबोर्ड आणि माउस दोन्ही गप्प होतात. विंडोज ७ जपायची असेल तर त्याआधीच्या पिढीचा बोर्ड आत्ताच बाजूला ठेवावा.

ज्यांची यंत्रं आज चालू आहेत, त्यांना हे सांगणं आवश्यक आहे. तोच बोर्ड आणखी एक घेऊन कोरड्या जागी ठेवा. चालू डिस्कची हुबेहूब प्रत काढा आणि ती प्रत सुरू होते का हे एकदा लावून पाहा. बायोसमधल्या प्रत्येक पानाचा फोटो घ्या, कारण सीआर२०३२चा सेल संपला की सगळी सेटिंग जातात. हा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडू नका. आणि बोर्डाचे ड्रायव्हर आजच उतरवून दोन ठिकाणी ठेवा. इंटेलने जानेवारी २०१३ मध्ये डेस्कटॉप मदरबोर्डच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या जुन्या बोर्डांचे ड्रायव्हर व बायोस स्वतःच्या साइटवरून काढायला घेतले.