माडाचा वैरी शेणखताच्या ढिगात

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत, परसात दोनचार माड नाहीत असे घर विरळाच. बाणवली जातीचा माड फळावर येण्यास सहा ते आठ वर्षे लागतात. त्यास फांद्या नसतात. वाढीचा कोंब शेंड्याशी एकच असतो. तो कुजला की अनेक वर्षांचे कष्ट वाया जातात. या कोंबावर घाला घालणारी कीड म्हणजे गेंड्या भुंगा होय.

काळ्या रंगाचा, डोक्यावर शिंग असलेला हा भुंगा रात्री उडतो आणि न उमललेल्या कोवळ्या पानांत भोक पाडून शिरतो. पुढे ते पान उमलते तेव्हा कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखे दिसते. लहान रोप यामुळे मरू शकते. मोठा माड तगला तरी त्याच्या जखमांत सोंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात. खोडावरील भोकांतून तपकिरी द्रव व चघळलेला भुसा बाहेर येऊ लागला, की माड वाचविणे कठीण होते.

जन्मस्थान कोणते?

गेंड्या भुंग्याची अळी माडावर मुळीच आढळत नाही. मादी शेणखताच्या ढिगात, उकिरड्यात किंवा कुजक्या खोडात अंडी घालते. पांढरट, जाड, वाकडी अळी तेथेच काही महिने वाढते आणि भुंगा होऊन बाहेर पडते. म्हणून केवळ माडावर उपाय करणे म्हणजे वाहत्या नळाखालची जमीन पुसत बसण्यासारखे आहे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात किनाऱ्यावरील अनेक झाडे उन्मळून पडली. अशी खोडे जागीच कुजू दिल्यास ती किडीची पैदासकेंद्रे ठरतात.

उपाययोजना

शेणखताचा ढीग दर दोन महिन्यांनी उलथून अळ्या वेचून नष्ट कराव्यात. कोंबड्याही त्या आवडीने खातात. ढिगात मेटॅरायझियम या उपयुक्त बुरशीचे द्रावण मिसळल्यास अळ्या रोगग्रस्त होऊन मरतात. मेलेल्या माडाचे खोड व बुंधा खणून काढून जाळावा.

माडाच्या शेंड्यातील भुंगे तारेच्या आकड्याने ओढून काढावेत. लहान माडाच्या वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत प्रत्येकी एक डांबरगोळी ठेवून वर वाळू टाकावी व दीड महिन्याने पुन्हा तसेच करावे. हिरवी झावळी तोडताना खोडापासून सुमारे सव्वा मीटर देठ राखावा, म्हणजे सोंड्या भुंग्यास खोडात शिरण्यास वाट मिळत नाही.

ग्रामपंचायतींचे कार्य

भुंग्यास कुंपण माहीत नसते. एका परसातील दुर्लक्षित ढीग शेजारच्या बागेस बाधतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी वाडीवाडीतील सर्व ढीग एकाच आठवड्यात उलथण्याचा कार्यक्रम ग्रामपंचायतींनी हाती घ्यावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अळी व भुंगा यांची प्रत्यक्ष ओळख करून द्यावी. रत्नागिरीजवळील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र, तसेच तालुका कृषी कार्यालय यांचे मार्गदर्शन घ्यावे. ढीग उलथण्यास फावडे व एक सकाळ एवढेच लागते. गेलेला माड मात्र पुन्हा उभा करण्यास सहा ते आठ वर्षे लागतात.