महामार्गावर ‘ओडीसी’ ट्रेलर दिसला की थांबा; ९ मिनिटांसाठी जीव धोक्यात घालू नका

नागपूर : पुढे लाल झेंडी लावलेली जीप, तिच्या मागे बैलबंडीच्या चालीनं सरकणारा लांबलचक ट्रेलर, आणि त्यावर घराएवढा ट्रान्सफॉर्मर. मागे दुचाक्या, काळीपिवळी, एसटी, संत्र्याचे ट्रक यांची रांग. पाच-दहा मिनिटं सगळे धीर धरतात. मग कोणीतरी हॉर्न वाजवत डावीकडून घुसतो, दुसरा उजवीकडून कट मारतो. नागपूर जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्यात महामार्गालगत राहणाऱ्यांना हे नवीन नाही.

अशा गाड्या आपल्याकडे जास्त दिसतात, त्याला कारण आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि सुरतहून पूर्वेकडे जाणारा महामार्ग ५३ नागपुरात एकमेकांना भेटतात. त्यात कोराडी, खापरखेडा आणि मौदा इथली वीज केंद्रं, बुटीबोरीची एमआयडीसी, उमरेड-सावनेरकडच्या कोळसा खाणी. या सगळ्यांना लागणारी मोठी यंत्रं रस्त्यानंच येतात. समृद्धी महामार्गावर दुचाकी आणि ट्रॅक्टरला बंदी आहे. पण मनसर, कन्हान, मौदा, कोंढाळी, सावनेर या बाजूंच्या रस्त्यांवर शाळेची सायकल आणि शंभर टनांचा ट्रेलर एकाच डांबरावर चालतात.

‘ओडीसी’ म्हणजे नेमकं काय?

कायद्यानं साध्या ट्रकची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त असू शकत नाही. नेहमीच्या मोठ्या ट्रेलरचं मालासकट वजन फार तर ५५ टन. ज्या मालाचे तुकडे करता येत नाहीत आणि जो या मापात बसत नाही, त्याला वाहतूकदार ‘ओडीसी’ म्हणतात, म्हणजे मापाबाहेरचा माल. ट्रान्सफॉर्मर, बॉयलरचे भाग, पुलाचे गर्डर, पवनचक्कीची पाती हे सगळं त्यात येतं. हल्लीच्या पवनचक्कीचं एक पातं ६० मीटरच्या वर लांब असतं. एसटीच्या पाच गाड्या एकामागे एक उभ्या केल्या, तेवढं.

असा माल न्यायला वेगळी परवानगी लागते. कोणत्या रस्त्यानं जायचं आणि कोणत्या अटी पाळायच्या, हे त्या परवानगीत ठरतं. परवानगी नसताना माल गाडीच्या बाजूला, पुढे, मागे किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला, तर मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये दंड आहे. शिवाय माल नीट केल्याशिवाय गाडी हलवता येत नाही.

हे काम किती सावकाश चालतं, याचं एक उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी सुमारे ७० टनांचं एक यंत्र जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निघालं. त्याची उंची ७.५ मीटर, रुंदी ६.६५ मीटर. ७४ चाकांच्या गाडीवरून ते केरळात पोहोचलं जुलै २०२० मध्ये. मध्ये लॉकडाऊनही लागला. पण चालत असतानाही गाडी दिवसाला पाचेक किलोमीटरच जायची.

ड्रायव्हर बाजूला का होत नाही?

‘एवढी जागा आहे, तरी साइड देत नाही’, ही नेहमीची तक्रार. पण रस्त्याची कड आतून पोकळ असते आणि साइडपट्टीची माती पावसात भुसभुशीत होते. तिथं चाक गेलं की अख्खा ट्रेलर कलंडू शकतो. म्हणून ड्रायव्हर डांबराच्या मधोमध राहतो. साइड द्यायची, तर त्याला पक्की आणि रुंद जागा लागते.

वळणावर आणखी एक गोष्ट होते. पुढचा घोडा, म्हणजे ओढणारा ट्रक, उजवीकडे वळला की चाकांच्या मागे निघालेला मालाचा भाग डावीकडे फेकला जातो. लांब पात्याचं टोक तर रस्ता सोडून शेताच्या धुऱ्यावरून फिरतं. वळणावर ‘व्हिडिओ काढायला’ उभे राहणारे नेमके याच पट्ट्यात असतात.

तिसरं म्हणजे, त्याला तुम्ही दिसत नाही. केबिनच्या अगदी पुढे, डाव्या दाराजवळ आणि ट्रेलरच्या थेट मागे आंधळी जागा असते. सोपा हिशेब असा : तुम्हाला ड्रायव्हरच्या आरशात त्याचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

सगळ्यात मोठा धोका पुलावर

पूल बांधताना त्यावर किती भार येईल याचा हिशेब इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांनुसार करतात. त्यात अशा अवजड गाडीचा वेगळा विचार आहे : एकूण ३८५ टन, त्यात ट्रेलरचे २० अ‍ॅक्सल, प्रत्येकावर १८ टन. हा हिशेब काही अटींवर बसवलेला आहे. गाडी पुलाच्या मधोमध चालेल. वेग ताशी ५ किलोमीटरच्या वर जाणार नाही. त्या वेळी पुलावर दुसरं वाहन नसेल. आणि ब्रेक लावला जाणार नाही.

ब्रेक का नाही? धावत्या बंडीला एकदम लगाम ओढला की जूं पुढे ढकललं जातं, तसंच इथं होतं. एवढं वजन अचानक थांबलं की सगळा जोर पुलाला पुढे ढकलतो. म्हणून ड्रायव्हर एका लयीत पूल पार करतो.

आता विचार करा. कन्हानचा पूल असो की वेणेचा, ट्रेलर मध्यावर आहे आणि कोणी दुचाकीवाला कडेनं घुसून त्याच्या पुढ्यात आला. ड्रायव्हरपुढे दोनच मार्ग उरतात. ब्रेक मारायचा, नाही तर दुचाकी चाकाखाली जाऊ द्यायची. ब्रेक मारला तर पुलावर नको तो जोर आणि मालाचे पट्टे तुटायची भीती. म्हणून पायलट जीपवाले पुलाआधी वाहतूक रोखतात, तेव्हा ते कोणाची अडवणूक करत नाहीत. ट्रेलर पूल उतरेपर्यंत पुलावर चढूच नये.

ओव्हरटेकचा हिशेब

समजा ४० मीटर लांब ट्रेलर ताशी २० किलोमीटरनं चालला आहे आणि तुमची दुचाकी ५० वर आहे. मागे-पुढे थोडी जागा धरली तर तुम्हाला त्याच्यापेक्षा ७० मीटर जास्त जावं लागेल. त्याला साडेआठ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही जवळपास १२० मीटर जाता, आणि समोरून ८० च्या वेगानं येणारी कार १९० मीटर जवळ येते. म्हणजे सरळ ३०० मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. तालुक्याच्या दुपदरी रस्त्यावर एवढा मोकळा रस्ता क्वचितच मिळतो. चौपदरी रस्त्यावर समोरून कोणी येत नाही असं म्हणावं, तर पेट्रोल पंपावरून राँग साइडनं येणारे आहेतच.

उलट, ५ किलोमीटर ट्रेलरच्या मागेच राहिलात तर १५ मिनिटं लागतात. ५० च्या वेगानं ६ लागली असती. तोटा ९ मिनिटांचा.

आपल्या ट्रॉलीचं काय?

मापाबाहेरचा माल फक्त कंपन्यांचा नसतो. कुटारानं किंवा तणसानं फुगलेली ट्रॉली, रुंद हार्वेस्टर, मागे लोंबणारे बांबू आणि सळ्या हेही तेच. गाडीबाहेर सळ्या काढून नेण्याची सवलत २०१४ मध्येच बंद झाली. अंधारात मागून येणाऱ्याला सळईचं टोक दिसतच नाही.

कुटाराच्या ढिगावर माणूस बसवण्याची सवय तर जीवघेणी आहे. रेल्वे फाटकावर दोन्ही बाजूंना लोखंडी कमान असते. तिची उंची ४.६७ मीटर. तिच्या पलीकडच्या तारेत २५ हजार व्होल्टची वीज असते. हात न लागताही ती झटका देते, म्हणून तारेपासून किमान २ मीटर दूर राहायचं असतं. फाटकाआधी माणूस खाली उतरवा. ट्रॉली कमानीला घासत असेल, तर माल कमी करा. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर आणि चालू असलेला लाल दिवा हवाच.

ट्रेलरवाल्यांचीही जबाबदारी

रस्ता सगळ्यांचा आहे. मागे रांग वाढली की पक्की जागा पाहून बाजूला घेणं आणि रांग सोडून देणं, हे ट्रेलरच्या माणसांचं काम आहे. रात्री बंद पडलेली गाडी दिव्याविना, त्रिकोणाविना उभी ठेवणं हा गुन्ह्यासारखाच प्रकार. अ‍ॅम्ब्युलन्स आली तर सगळं थांबवून तिला आधी वाट द्यायची.

लक्षात ठेवा

• ट्रेलरच्या मागे किमान तीन सेकंदांचं अंतर ठेवा. खांबाजवळून ट्रेलर गेला की मोजायला लागा.
• डावीकडून कधीच पुढे जाऊ नका. ट्रेलर आणि पायलट जीपच्या मध्ये घुसू नका.
• पायलटनं हात दाखवला तरी समोरचा रस्ता स्वतः पाहूनच निघा.
• वळणावर आणि पुलावर मागेच राहा. लेकरांना कडेला उभं राहू देऊ नका.
• विजेची तार ट्रेलरवर पडली तर जवळ जाऊ नका. केबिनमधल्या माणसाला आतच बसायला सांगा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

राष्ट्रीय महामार्गावर बिनादिव्याची उभी गाडी, रस्त्यावर पडलेला माल किंवा बंद पडलेला ट्रेलर दिसला तर १०३३ वर फोन करा. अपघात असेल तर ११२ किंवा १०८. फोन करताना ‘ढाब्याजवळ’ एवढंच सांगू नका. रस्त्याच्या कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि गाडी कोणत्या बाजूच्या रस्त्यावर आहे, हे सांगा. मदत तिथंच पोहोचते.