उन्हात पडलेला माणूस आणि दारूचा वास

विरार किंवा नालासोपाऱ्याच्या नाक्यावर सकाळी सात वाजता उभे राहिले, की हातात थापी, घमेले आणि डब्याची पिशवी घेतलेली शे-दोनशे माणसे दिसतात. त्यांत मराठवाड्यातून आलेले आपले लोक असतात, जव्हार-मोखाड्याचे आदिवासी असतात, उत्तरेकडून आलेले असतात. एप्रिल-मे महिन्यांत यांच्यापैकी कोणी भरदुपारी स्लॅबवर कोसळला, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘टाकलीय का याने?’ या प्रश्नात जेवढे अज्ञान आहे तेवढीच तुच्छताही आहे.

माझे चुलते असेच गेले. ते बिगारी होते. आदल्या रात्रीच्या दारूचा वास त्यांच्या तोंडाला येत होता, हे खोटे नाही. मुकादमाने त्यांना पत्र्याच्या शेडमध्ये निजवले आणि ‘उतरली की उठेल’ म्हणाला. अंग तव्यासारखे तापले होते, बोलणे असंबद्ध झाले होते. पण तीन तास कोणी त्यांच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतले नाही. दवाखान्यात नेईपर्यंत सारे संपले होते. घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. पण उष्माघात म्हणजे काय, हे मलाही धड ठाऊक नव्हते. पुढे वाचून आणि डॉक्टरांना विचारून जे समजले ते येथे मांडतो.

माणसाचे शरीर आतून ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहू पाहते. श्रम केले की स्नायूंत उष्णता निर्माण होते. ती बाहेर टाकण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक, कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावून आतले गरम रक्त पृष्ठभागाकडे आणणे, दुसरा, घाम. घाम नुसता गळून अंग थंड होत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वसईच्या किनारपट्टीवर हवेत आधीच इतकी वाफ असते, की घाम गळतो पण वाळत नाही. पाणी जाते आणि उष्णता मात्र आतच राहते. म्हणूनच हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून करते, तर किनाऱ्यावर ३७ पासून. ‘आमच्याकडे कुठे विदर्भासारखे ऊन’, हे समाधान फसवे आहे.

आता यात दारू काय करते ते पाहू. आपल्या मेंदूतून एक द्राव रक्तात येतो व मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगतो. दारू हा द्राव दाबते. साधारणपणे १० ग्रॅम अल्कोहोलमागे सुमारे १०० मिलिलिटर जादा मूत्र जाते. तहानेल्या शरीरात हा परिणाम थोडा कमी होतो. परंतु दिवसभराची तूट भरून काढण्याची जी वेळ, त्या संध्याकाळी ती तूट भरायची राहते. ६० किलो वजनाच्या माणसाचे सव्वा लिटर पाणी घटले तरी त्याची कामाची शक्ती कमी होते, आणि उन्हात कष्टणाऱ्याला तासाभरात एक लिटर घाम येऊ शकतो.

दुसरे असे, की दारूनेही कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. उन्हाने त्या आधीच रुंदावलेल्या असतात. मग रक्तदाब उतरतो, भोवळ येते. परातीवर चढलेल्या माणसाला भोवळ येणे म्हणजे काय, ते सांगायला नको. तिसरे सर्वांत घातक : तहान, थकवा, आता सावलीत बसावे ही जाणीव, या शरीराने दिलेल्या सूचना दारू बोथट करते.

‘रात्रीची सकाळी उतरते’, हेही अर्धसत्य आहे. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल पचवते. ४० टक्क्यांच्या आसपासच्या दारूच्या १८० मिलिलिटर बाटलीत सुमारे ५७ ग्रॅम अल्कोहोल असते. रात्री अकराला ती संपवणारा पहाटे पाच-सहापर्यंत ती पचवत असतो. झोप मोडकी लागते, आणि तो पाण्याची तूट घेऊनच नाक्यावर येतो. ताडी थंड, बिअर थंड, हा समजही जिभेपुरताच. ६५० मिलिलिटरच्या पाच टक्के बिअरमध्ये सुमारे २६ ग्रॅम अल्कोहोल असते. ताजी नीरा वेगळी. आंबली की ती ताडीच.

शरीराचे आतले तापमान ४० अंशांपुढे गेले आणि मेंदू बिघडू लागला, की त्याला उष्माघात म्हणतात. त्याची लक्षणे : जीभ अडखळणे, तोल जाणे, भलतेच बोलणे, चिडणे, ओकारी, शुद्ध हरपणे. दारूची लक्षणेही हीच. म्हणून तोंडाचा वास घेण्याऐवजी छातीला, काखेला हात लावून पाहावे. अंग भाजत असेल तर वास असो वा नसो, तो उष्माघातच समजावा. घाम येतो आहे म्हणून उष्माघात नाही, असेही मानू नये. कष्टकऱ्याला त्यात घाम येत राहू शकतो.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर १४ माणसे उष्माघाताने दगावली. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या श्रीसदस्यांचा तो मेळावा होता. तेथे दारूने मेले, असे कोणी म्हटले नाही. दारू धोका वाढवते. पण मारते ते ऊन, आणि त्याहून जास्त मारतो तो झालेला उशीर.

तेव्हा माणूस पडताच त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतत राहावे, पुठ्ठ्याने का होईना वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगाची नाही. शुद्धीवर असलेल्याला लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून द्यावे.

कार्यकर्त्यांनी कायदाही माहीत करून घ्यावा. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही, कामगार नशेत होता ही मालकाची सबब मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असता चालत नाही. कामामुळे झालेला उष्माघात अपघात ठरू शकतो. म्हणून शवविच्छेदनाचा आग्रह धरावा. पंचनाम्यात जागा, वेळ, कामाचे तास, पाण्याची व सावलीची सोय होती की नाही, हे लिहून घ्यावे. ‘पिऊन मेला, त्याला कसले पैसे’, असे ठेकेदार म्हणाला तेव्हा आम्ही मान खाली घालून परतलो. ती मान खाली घालण्याचे कारण नव्हते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती आपण वस्तीवस्तीत सांगतोच, आणि सांगितलीच पाहिजे. वर दिलेली कारणे तिला बळच देतात. मात्र ज्याची वर्षानुवर्षांची सवय आहे त्याने डॉक्टरच्या सल्ल्याने सोडावी. एकदम सोडल्याने झटके येऊ शकतात. वीटभट्टीवर उचल देऊन बांधून घेतलेला, आठवड्याच्या खर्चीवर जगणारा माणूस अंगदुखी मारण्यासाठी पितो, हेही विसरता कामा नये. प्रतिज्ञा माणसाला वाचवण्यासाठी आहे. पडलेल्या माणसाला ‘बेवडा’ म्हणून ओलांडून जाण्याचा परवाना तिने आपल्याला दिलेला नाही.