कैवारी

मराठी बायबल वाचताना 'कैवारी' या शब्दापाशी आम्ही नेहमी थोडे थबकतो. योहानाच्या पहिल्या पत्रात तो येशूला लावला आहे आणि योहानाच्याच नावावर असलेल्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्याला. मूळ ग्रीक शब्द 'पॅराक्लीटॉस'. अडचणीत सापडलेल्याने आपल्या बाजूला बोलावून घेतलेला, असा त्याचा अर्थ. इंग्रजी भाषांतरकार कोठे त्याला वकील म्हणतात, कोठे सांत्वन करणारा. आपल्या भाषेला हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात सापडले. वकील फी घेऊन बाजू मांडतो. कैवारी ती आपली मानतो. ख्रिस्ती माणसाला मध्यस्थीच्या श्रद्धेतून जो धीर येतो तो नेमका कसला, हे या शब्दावरून चांगले उमगते.

या कल्पनेमागे यरुशलेमचे मंदिर आहे. तेथील परमपवित्र स्थानात वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, महायाजक एकटा प्रवेश करी आणि सर्वांच्या पापांसाठी बळीचे रक्त शिंपडी. पुढल्या वर्षी पुन्हा तोच विधी. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचे म्हणणे असे की, येशूने स्वतःचाच बळी एकदा दिला, तो कायमचा. आता तो देवापाशी आपल्यासाठी अखंड रदबदली करीत आहे. शिवाय हा महायाजक मोहाला सामोरा गेलेला, रडलेला, मरण भोगलेला आहे. दुःखाची ओळख त्याला नव्याने करून द्यावी लागत नाही.

येथे एक गैरसमज हटकून होतो. कोपिष्ट बाप आणि त्याची मनधरणी करणारा कनवाळू मुलगा, असे चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढे असते. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा आठवा अध्याय ते पुसून टाकतो. ज्याच्यापुढे खटला चालावयाचा, त्यानेच आपला पुत्र आरोपीसाठी दिला आहे! त्याच अध्यायात पौल आणखी एक गोष्ट सांगतो. काय मागावे हेही कळेनासे होते तेव्हा मुक्या कण्हण्यातून आत्माच आपल्यासाठी विनवणी करतो. घरात मृत्यू झाला असता ज्यांना प्रार्थनेचा एक शब्दही सुचला नाही, त्यांना हे वाक्य केवढे मोलाचे वाटत असेल!

संतांनी आणि मरियेने आपल्यासाठी प्रार्थना करावी, अशी विनंती कॅथॉलिक करतात. वांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरात हिंदूही मेणबत्त्या घेऊन जातात. प्रॉटेस्टंट मात्र ख्रिस्ताखेरीज दुसरा मध्यस्थ मानीत नाहीत. त्या वादात येथे शिरत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आम्हांस अधिक बोलके वाटते. व्रते, दाने, तीर्थयात्रा यांत सारे आयुष्य घालविलेले त्यांचे आईवडील दुष्काळात गेले. थोरली बहीणही गेली. पुढे १८८० साली भाऊ आणि १८८२ साली पती. १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही मनाला स्वस्थता आली ती सुमारे आठ वर्षांनी! १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात त्या सांगतात की, धर्म सापडला होता, परंतु ख्रिस्त सापडला नव्हता. तोवर त्या स्वतःला लायक करण्याच्या खटपटीत होत्या. तारण हे लायकीचे बक्षीस नसून दान आहे, आणि ते याच घडीला घ्यावयाचे आहे, हे पटल्यावर ओझे उतरले. पुण्याचा हिशेब पुरा न झालेली मरणे घरात पाहिलेल्या बाईला हा दिलासा किती खोल गेला असेल, हे सांगावयास नकोच.

यावर आमचे काही मित्र विचारतात, सगळे आयतेच मिळाले तर माणूस आळशी नाही का होणार? प्रश्न रास्त आहे. तसे होणारेही असतात. रमाबाईंचे झाले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली त्यांनी आपल्याकडे आणल्या. केडगावच्या आश्रमाला त्यांनी नाव दिले 'मुक्ती'. स्वतःच्या तारणाची काळजी मिटल्यामुळेच त्यांचे हात मोकळे झाले, असे आम्हांस वाटते.

दुःखाने मात्र त्यांचा पिच्छा सोडला नाही. एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ साली गेली. त्या काळात रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवीत होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल छापून बाहेर आले ते १९२४ साली.